आधणात वैरलेला मका

उकळत्या आधणात एका हाताने पीठ अथवा कण्या बारीक धारेने सोडीत राहायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ते आधण क्षणभरही न थांबता ढवळीत राहायचे, या दुहेरी क्रियेसाठी मराठीने ‘वैरणे’ असा एक स्वतंत्र धातू राखून ठेवला आहे, आणि ज्या घरात पिठले होते त्या घरात त्याचा अर्थ कोणालाही कोश उघडून पाहावा लागत नाही. जात्याच्या तोंडात मुठीमुठीने दाणे घालण्यालाही वैरणेच म्हणतात. म्हणजे धान्य दळायला घेताना आणि तेच धान्य शिजायला टाकताना, दोन्ही प्रसंगी, हाताची मूठ सारख्याच बेताने सैल करावी लागते, हे निरीक्षण भाषेने आपल्या पोटात जपून ठेवले आहे. उत्तर इटलीतील गृहिणी मक्याच्या भरड्याचा पोलेंटा करताना हीच क्रिया करतात आणि पीठ पावसासारखे सोडावे असे सांगतात. पोलेंटा हा शब्द माझ्या कानावर प्रथम पडला तेव्हा यांतले काहीच मला ठाऊक नव्हते.

शिक्षणासाठी मिलान शहरी राहिलेला माझा भाचा सुटीत सांगलीस आला, तो येताना पिवळ्याधमक रव्याचे एक पाकीट घेऊन आला. “मावशी, हा पोलेंटा, तिकडे थंडीत आम्ही हेच खातो, तू करून बघ,” एवढे सांगून तो मित्रमंडळींना भेटायला निघून गेला. पाकिटावरील मजकूर इटालियन असल्यामुळे मला त्याचा काही उपयोग नव्हता. मी ते पाकीट फोडून परातीत ओतले आणि चष्मा लावून त्याकडे पाहत बसले असता ८६ वर्षांच्या माझ्या सासूबाई काठी टेकीत स्वयंपाकघरात आल्या, त्यांनी चिमूटभर दाणा तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळला, जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, ह्या तर कण्या. मक्याच्या कण्या. आधी पाणी चांगलं खळखळू दे, आणि वैरताना हात थांबवू नकोस.” पाकिटावर जे छापले असेल ते याहून फार निराळे नसावे.

आज सातारा आणि सांगली हे दोन स्वतंत्र जिल्हे असले तरी या मुलखाची चूल एकच आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख एकत्र करून दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण करण्यात आला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकास माणात आणि तेथून पुढे आटपाडी, जत, कवठे महांकाळ या तालुक्यांत पाचशे मिलिमीटरांची वाट पाहण्यात कित्येक वर्षे जातात. घाटाकडची माणसे नाचणीवर आणि भातावर जगली, आणि कृष्णाकाठी ऊस व हळद बोकाळण्यापूर्वी उरलेला सारा मुलूख जोंधळ्यावर जगला. माझे माहेर माण तालुक्यातले आणि सासर सांगलीतले, त्यामुळे या दुष्काळी पट्ट्याची भाकरी आणि कृष्णाकाठची भाकरी अशा दोन्ही मला ठाऊक आहेत. पण दोहोंकडे संध्याकाळच्या हलक्या जेवणाला कण्याच असत.

कण्या म्हणजे नुसते जाडेभरडे दळण नव्हे, हे येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीच्या स्वयंपाकघरातून हे ज्ञान जवळजवळ हद्दपार झाले आहे. जोंधळ्याला पाण्याचा हबका मारून तो थोडा वेळ तसाच ठेवीत, मग उखळात हलक्या हाताने सडीत, म्हणजे वरचे साल सुटे. ते सुपाने पाखडून टाकल्यावर दाणा जात्यावर असा भरडीत की एका दाण्याचे चारपाच तुकडे व्हावेत, पण पीठ होऊ नये. तरीही थोडे पीठ होईच; ते चाळून भाकरीला घेत आणि चाळणीवर उरे त्या कण्या. शिजवण्यापूर्वी त्या पाण्यात टाकल्या की उरलासुरला कोंडा वर तरंगे आणि तो निथळून काढता येई. या सर्व खटाटोपात धान्याचा एक कणही वाया जात नसे, कारण कोंडा गाईच्या घमेल्यात जाई. शिजलेल्या कण्या ताकात कालवून, वर लसणाची फोडणी घालून खात, आणि म्हातारी माणसे, बाळंतिणी, दात पडलेली मुले यांना त्यांच्याइतके सुखाचे अन्न दुसरे नव्हते.

मराठी मनाने या कण्यांना एक फार मोठा मान दिलेला आहे. कौरवांकडे शिष्टाईला गेलेल्या श्रीकृष्णाने दुर्योधनाचा पाहुणचार नाकारला आणि तो विदुराच्या घरी जेवला, ही उद्योगपर्वातील कथा सर्वश्रुत आहे. मूळ महाभारतात विदुराने त्याला उत्तम अन्नपान दिले एवढाच आशय आहे, पण भक्तिपरंपरेने त्या पानात काय वाढले होते याचा विचार केला, आणि उत्तर हिंदुस्थानातील भक्तांनी तेथे पालेभाजी वाढली तर मराठी भक्तांनी कण्या वाढल्या. प्रत्येक प्रदेशाने आपल्या घरातील सर्वांत साधे अन्न देवाच्या ताटात ठेवले. या कथेचा मला आज विशेष वाटणारा भाग असा की, विदुराच्या कण्या कोणत्या धान्याच्या होत्या हे कीर्तनात ऐकताना कोणी विचारीत नाही. कण्या हे नाव मुळी धान्याचे नाहीच, ते भरडण्याचे नाव आहे. तांदळाच्या कण्या, जोंधळ्याच्या कण्या, आणि मका आला की मक्याच्या कण्या.

पोलेंटाचेही नेमके असेच झाले आहे, आणि हे समजल्यावर मला त्या परक्या शब्दाविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला. प्राचीन रोमन लोक पोलेंटा म्हणत तो जवाचा भरडा होता. मका तेव्हा युरोपात कोणी पाहिलेलाही नव्हता. मका मूळचा मेक्सिकोचा. तेथील लोकांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून तो घडविला, आणि १४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यास लागल्यानंतर तो अटलांटिक ओलांडून आला. सोळाव्या शतकाच्या मध्यास व्हेनिसच्या आसपासच्या सखल मुलखात त्याची लागवड होऊ लागली, आणि जव, राळ्यासारखी बारीक धान्ये, कुट्टू यांच्या भरड्याला असलेले जुने नाव या नव्या पिवळ्या भरड्याला बसले. इटालियन लोक मक्याला ‘तुर्की धान्य’ म्हणतात, कारण जे जे दुरून आले ते तुर्कस्थानातून आले अशी त्या काळची समजूत होती. आपल्याकडेही त्याच शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून मका आला, आणि त्याच वाटेने मिरची आली, भुईमूगही अमेरिकेतूनच आला; म्हणजे ज्या ठेच्याशिवाय आणि दाण्याच्या कुटाशिवाय साताऱ्याकडचे जेवण पुरे होत नाही, त्यांचे आणि पोलेंटाच्या मक्याचे मूळ अमेरिकेतच आहे.

मांझोनी या इटालियन कादंबरीकाराच्या, १८२७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘वाग्दत्त वधूवर’ अशा अर्थाच्या नावाच्या कादंबरीत पोलेंटाचा एक प्रसंग आहे. कथेचा काळ १६२८ च्या सुमाराचा, प्रदेश लोम्बार्दीचा, साल टंचाईचे. घरधनी चुलीवर वाकून कुट्टूच्या पिठाचा करडा पोलेंटा घाटतो आहे, भोवती मुले त्या भांड्याकडे डोळे लावून उभी आहेत, आणि भांड्यातील गोळा खाणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे नव्हे तर त्या वर्षीच्या पिकाप्रमाणे लहान झाला आहे. आमच्या माणदेशातील मनुष्याला हा प्रसंग कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मामलेदार कचेरीत ठरणारी आणेवारी पातेल्यात कशी उतरते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते.

मी ते १९७२ साली पाहिले. त्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, माणसे रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडायला गेली, कामावर सुकडी वाटली जाई, आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो जोंधळा मिळू लागला. त्याच्या पिठाला चिकटपणा नसे; आजीच्या हातासारख्या हाताखालीही भाकरी परातीतच तुटे. दोन दिवस प्रयत्न केल्यावर आजीने दळण बदलले आणि मिलोच्या कण्या केल्या. त्या तांबूस कण्यांची चव फारशी कोणाला आवडली नाही, पण धान्य भाकरीला राजी नसेल तर कण्यांना राजी असते, हे मला त्या दिवशी कळले. दुर्दैवाने, त्याच सालापासून आमच्या घरी कण्या हे दुष्काळाचे अन्न म्हणून मनात बसले, आणि दिवस पालटताच ते प्रथम ताटातून आणि मग बोलण्यातूनही गेले.

पोलेंटावरही असाच एक डाग होता, आणि तो अधिक भयंकर होता. उत्तर इटलीतील शेतमजूर जसजसे निव्वळ मक्यावर जगू लागले तसतशी त्यांच्यात एक व्याधी पसरली: उन्हात उघडी राहणारी त्वचा काळवंडून खरखरीत होई, पोट बिघडे, आणि अखेरीस बुद्धिभ्रंश होऊन मनुष्य दगावे. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली तिचे वर्णन करून ठेवले होते. १७७१ साली मिलानच्या फ्रापोल्ली या वैद्याने खरखरीत त्वचा या अर्थाचे ‘पेलाग्रा’ हे नाव तिला दिले. १७८६ साली आल्प्स उतरून इटलीत शिरलेल्या गटे या जर्मन कवीने वाटेवरच्या स्त्रियांचे निस्तेज चेहरे पाहिले आणि त्याचा दोष मक्याच्या व कुट्टूच्या लापशीकडे दिला. १८८१ च्या सरकारी मोजणीत इटलीत या रोगाचे एक लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले. कोणी म्हणे मका कुजका असावा, कोणी म्हणे ही सांसर्गिक व्याधी आहे. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने आहारात दूध, मांस, कडधान्ये आली की रोग हटतो हे दाखवून दिले, आणि १९३७ साली एल्वेहेम या शास्त्रज्ञाने तो निकोटिनिक आम्लाच्या, म्हणजेच नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो हे सिद्ध केले.

मक्यात हे जीवनसत्त्व नसते असे नाही. ते असते, पण बांधलेल्या स्थितीत असते आणि पोटाला ते सोडवून घेता येत नाही. मेक्सिकोतील लोकांनी ही गाठ हजारो वर्षांपूर्वीच सोडविली होती: मका ते चुन्याच्या पाण्यात उकळून त्यातच भिजत ठेवतात, मग साल काढून वाटतात. आपण पानाला लावतो तोच हा चुना. युरोपाने मक्याचे दाणे तेवढे नेले आणि चुन्याची ती रीत मागे राहिली, त्याची किंमत शेतमजुरांनी दिली. ही कथा केवळ इटलीची नाही, म्हणून मी ती येथे लांबविली. दख्खनच्या पठारावरील जोंधळा खाणाऱ्या गरीब मजुरांतही पेलाग्रा आढळत असे, आणि हैदराबादच्या पोषणविषयक संशोधनशाळेतील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध जोंधळ्यातील ल्यूसिन या घटकाच्या अधिक प्रमाणाशी जोडला. त्या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले, पण दोन्ही धान्यांच्या बाबतीत एक गोष्ट निर्विवाद राहिली, की रोग एकट्या धान्याचा नव्हता, धान्यासोबत ताटात काहीच नसण्याचा होता. कण्यांवर ताक ओतणारी, बाजूला दाण्याची चटणी आणि हुलग्याचे माडगे ठेवणारी माझी आजी नायसिन हा शब्द न ऐकता वारली. पण भुईमुगाचा दाणा या जीवनसत्त्वाने समृद्ध असतो आणि ताकातील प्रथिनांपासून शरीर ते स्वतः घडवू शकते, हे वाचले तेव्हा तिचा तो रोजचा शिरस्ता मला नव्याने दिसला.

पाकीट दोन खेपांत संपले. मग मनात आले, की सांगली-साताऱ्यात मका थोडाथोडका पिकत नाही, तर तो परदेशाहून का आणावा? आमच्याकडे मका म्हणजे दुभत्या जनावरांचा मुरघास आणि कोंबड्यांचा भरडा. माणसाने तो खायचा तर महाबळेश्वरी धुक्यात उभे राहून, निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाला लिंबू-तिखट चोळून. ओळखीच्या शेतकऱ्याकडून घरखर्चासाठी राखलेला, उन्हात खडखडीत वाळलेला पाच किलो मका आणला. येथे वाचकांना एक गोष्ट आग्रहाने सांगते: बियाण्याच्या पिशवीतील औषध लावलेला रंगीत दाणा यासाठी कदापि घेऊ नये, आणि बुरशीचा डाग असलेला दाणा निवडून फेकावा, कारण त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवल्यानेही जात नाही. गिरणीत नेला तेव्हा गिरणीवाल्याने डबा उघडून विचारले, “काकू, कोंबड्यास्नी भरडायचाय व्हय?” माणसांसाठी आहे म्हटल्यावर त्याने पाळ्यांतील अंतर दोनदा बदलून, मूठभर भरडा माझ्या हातावर ठेवून, हव्या तशा कण्या पाडून दिल्या. या सौजन्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

मी आणलेल्या मक्याचा दाणा मऊ व पिठाळ निघाला. उत्तर इटलीत पोलेंटासाठी मारानो किंवा स्तोरोसारखा चकचकीत कठीण दाण्याचा मका नावाजलेला आहे. मऊ दाण्यामुळे माझ्या भरड्यात पीठ अधिक पडले, आणि ते चाळले नाही तर गुठळ्या होतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात तशा झाल्या, कारण चाळण्याचा कंटाळा केला आणि वरून कण्या घाईने एकदम ओतल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाई पाटावर समोर बसल्या. आदल्या रात्री वाटीभर कण्या भिजत घातल्या होत्या, कोंडा निथळला होता. जाड बुडाच्या कल्हईच्या पातेल्यात चार वाट्या पाणी, चवीपुरते मीठ. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर कण्या वैरल्या आणि लाकडी डावाने घाटीत राहिले. भिजलेल्या असल्यामुळे अर्ध्या तासात झाल्या. कोरड्या असत्या तर पाऊण तास लागला असता. प्रथम पाणी पाणी, मग पिठल्यासारखे बुडबुडे, मग तो गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला आणि डाव जड झाला. इटलीत यासाठी तांब्याचे खोलगट भांडे वापरतात, तयार पोलेंटा लाकडी पाटावर पालथा घालतात आणि सुरीऐवजी ताणलेल्या दोऱ्याने त्याचे काप काढतात. आम्ही तो ताटाला तूप लावून त्यावर थापला.

थापताना माझ्या हाताला जे आठवले ते डोक्याला नंतर कळले. ही पाटवडीच होती. बेसन वैरून, घाटून, ताटात थापून, शंकरपाळ्यांच्या आकारात कापलेली पाटवडी ज्या घरी होते त्या घरातील कोणाही स्त्रीला पोलेंटा शिकवावा लागणार नाही. पीठ तेवढे निराळे. सैल ठेवला तर तो कण्या, घट्ट केला तर पाटवडी, आणि उरलेला दुसऱ्या दिवशी तव्यावर तेलात खरपूस परतला तर वरून कुरकुरीत आणि आत लुसलुशीत असा जो जिन्नस होतो त्याला मराठीत नाव नाही, पण आमच्या घरी मुले तो पहिल्यांदा संपवतात. इटालियन लोक त्यावर लोणी, चीज, अळिंबी किंवा मांसाचा घट्ट रस्सा घेतात. आम्ही पहिल्या दिवशी ताजे लोणी घेतले, दुसऱ्या दिवशी साताऱ्याकडचा दाण्याच्या कुटाचा झणझणीत महाद्या, आणि महाद्याबरोबरचा पोलेंटा मला सर्वांत अधिक आवडला, कारण मक्याच्या अंगच्या गोडीला तिखटाचा आधार लागतो. सासूबाईंनी मात्र आपल्या वाटणीचा सैलच ठेवायला लावला, त्यावर ताक ओतून घेतले, वाटी तोंडाला लावली आणि बऱ्याच वर्षांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

भाचा परत निघाला तेव्हा मी त्याला विचारले की तिकडे न्यायला काय देऊ. लाडू, चटण्या, भडंग ही नेहमीची यादी मी मनाशी केलीच होती. त्याने सासूबाईंकडे पाहून जोंधळ्याच्या कण्या मागितल्या. मालदांडी जोंधळा आणला आहे, सडून पाखडून झाला आहे, आणि प्रवासात पोरकिडा लागू नये म्हणून दोन दिवस गच्चीवर उन्हात पसरला आहे. उद्या गिरणी सुरू झाली की तो भरडून आणायचा.